हात धुतलेल्या पाण्याची पिंपं

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मी अजून अंदाजानेच ठरवते, त्यामुळे चुका होतील. कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण कधी कोणाच्या हातात पडलंच तर त्यांनी सांभाळून घ्यावं. मला चार माणसांत बोलता येत नाही. राग आला की मग तर शब्दच फुटत नाही, आणि मला गेले दोन पावसाळे राग आलेला आहे. तो कुठेतरी उतरवायला हवा म्हणून बसले.

आम्ही सांगली जिल्ह्यातली गलाईवाली माणसं. जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून, त्यातली भेसळ काढून शुद्ध करून द्यायचं, हा आमच्याकडच्या कितीतरी गावांचा धंदा. पुरुष सगळे परमुलखात आणि गावात बायका, म्हातारी माणसं, गुरं. माझे थोरले दीर तरुणपणीच कोलकात्याला आले. तिथल्या बेहाला भागात एका अरुंद गल्लीत त्यांचं दुकान आहे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. माझे मालक त्यांच्याच हाताखाली भट्टीवर. जाऊबाई गावी शेती बघतात, म्हणून दुकानातल्या माणसांच्या दोन वेळच्या भाकरीसाठी मला इकडे आणलं. खाली दुकान, मागे चिंचोळं अंगण, वर दोन खोल्या. एकीत आबा आणि गावाकडचे कारागीर, दुसरीत आम्ही नवरा-बायको आणि आमची मुलगी.

आबा माझ्याशी कधी थेट बोलत नसत. आमच्याकडे थोरला दीर आणि धाकटी भावजय यांच्यात तशी रीतच आहे. मी पदर घेऊन ताट सरकवायचं आणि त्यांनी मुलीला म्हणायचं, "आईला सांग, आमटीत मीठ कमी आहे." मुलगी माझ्याकडे वळून तेच सांगायची. मी तिला म्हणायचे, "आबांना सांग, वरून घ्या." सगळं दोन हातांवर चाललेलं असायचं, तरी निरोप मुलीच्या तोंडून. तिला याचं फार हसू यायचं. इथल्या शाळेत तिच्या मैत्रिणींना ती ही नक्कल करून दाखवायची.

गलाईच्या दुकानात कधीच काही फेकत नाहीत. झाडलेली धूळ पोत्यात भरून ठेवायची. हात पुसायची फडकी, सोनं वितळवायच्या फुटलेल्या मुशी, कारागिरांचे फाटके बनियन, सगळं जपायचं आणि वर्षाकाठी जाळून, धुऊन त्यातली सोन्याची कणी काढायची. हातांचंही तसंच. जेवायला उठण्याआधी प्रत्येकाने घमेल्यात हात धुवायचे. ते पाणी मागच्या अंगणातल्या तीन पिंपांत. नखांत आणि हाताच्या रेषांत बसलेलं सोनं पाण्यात उतरतं आणि तळाच्या गाळात जाऊन बसतं. तेजाबाचं पाणी वेगळं असतं, ते यात घालत नाहीत. या पिंपांत नुसतं हातांचं, फरशी पुसल्याचं, आणि पत्र्यावरून गळणारं पावसाचं पाणी. दिवाळी झाली की वरचं पाणी काढून गाळ उपसायचा. तोवर वर्षभर ते पाणी तसंच. झाकणं होती, पण दिवसातून दहा वेळा उघडझाप कोण करणार म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवलेली असायची.

बेहालात डास कमी नाहीत. शेजारी अर्धवट बांधून सोडलेली इमारत आहे. तिच्या लिफ्टच्या खड्ड्यात बारा महिने पाणी असतं आणि तिच्या मालकाचा पत्ता कोणाला माहीत नाही. कोपऱ्यावर नारळपाणीवाल्याच्या करवंट्यांचा ढीग. धुराचं मशीन घेऊन माणसं येतात, गल्ली पांढरी करून जातात, तेवढा वेळ डास बहुतेक आमच्या घरात बसून राहतात. हे सगळं मला माहीत आहे. म्हणून मी असं म्हणणार नाही की सगळे डास आमच्याच पिंपांतले होते. पण आमच्या पिंपांतही होते. ते मी डोळ्यांनी पाहिलेत.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आरोग्य खात्याच्या दोन बायका घरोघरी साठलेलं पाणी बघत फिरत होत्या. एकीच्या हातात बॅटरी आणि लांब दांड्याचा डाव, दुसरीकडे पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत बोटाच्या पेराएवढे मासे. गटारात सोडले की ते डासांच्या अळ्या खातात. आबा दुकानाच्या दारातच उभे राहिले.

"आमच्याकडे साठलेलं पाणी नाही," ते हिंदीत म्हणाले.

"काका, मागे पिंपं दिसतायत इथून."

"ते धंद्याचं पाणी आहे."

"डास काय विचारून बसतात, हे धंद्याचं की घरचं?"

भट्टीवरचा एक कारागीर फोन घेऊन पुढे आला. त्या दिवसांत सगळ्यांच्या फोनवर एक चित्रफीत फिरत होती. कोणीतरी कोट घातलेला माणूस सांगायचा की आता कंपन्या कारखान्यात डास बनवतात, त्यांच्या बीजातच बदल करतात, ते गरीब वस्त्यांत सोडतात, मग आजार येतो आणि मग त्यावरचं औषध विकतात. कारागिराने ती तिच्या नाकासमोर धरली.

"तुम्हीच सोडता. या पिशवीतून. वर मासे दाखवायचे, खाली अंडी."

ती बाई थकलेली होती, पण हसली. "अंडी सोडायला मला कोण पैसे देतंय, दादा? डास मारायचेच वेळेवर मिळत नाहीत."

दुकानातले सगळे हसले, तीही हसली, आणि तरी तिला कोणी आत सोडलं नाही. जाताना जिन्यात उभ्या मला बघून ती बंगालीत म्हणाली, "बौदी," म्हणजे वहिनी, "घरात लहान मूल आहे का?" मी मान हलवली. "मग तुम्ही तरी ओता ते पाणी," एवढं म्हणून ती पुढच्या घरी गेली.

दुपारी जेवताना तोच विषय. कारागिरांपैकी दोघांचा त्या चित्रफितीवर खरंच विश्वास होता, ते मनापासून घाबरले होते, खिडकीला जाळी लावू म्हणत होते. आबांनी भाकरी मोडत सांगितलं, "सोडलेत त्यांनी, मग पाणी आपण का ओतायचं? त्यांचे डास त्यांनी धरून न्यावेत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला माहीत होतं की आबांनी ती चित्रफीत पाहिलेलीसुद्धा नव्हती. त्यांचा फोन साधा, बटणांचा. त्यांना डास कारखान्यातले असोत की गटारातले, काही पडलेलं नव्हतं. त्यांना फक्त परक्या माणसाने पिंपात डाव घालायला नको होता. लोकांची भीती त्यांना आयती मिळाली आणि त्यांनी ती झाकणासारखी पिंपावर ठेवली. खरं झाकण भिंतीलाच टेकलेलं. माझ्या रागाची सुरुवात इथून झाली.

संध्याकाळी मी वाटी बुडवून पाणी काढलं आणि वर नेऊन ह्यांच्यासमोर धरलं. वाटीत अळ्या वळवळत होत्या, खाली डोकं करून, शेपटी पाण्याच्या वर.

"हे काय आहे?"

"अळ्या."

"यांच्या पोटात सोनं आहे का?"

"हळू बोल," हे म्हणाले.

"मी हळूच बोलते. जन्मभर हळूच बोलत आले. वरून चमचाभर गोडंतेल टाकू द्या, अळ्या मरतात म्हणे."

हे खाली जाऊन विचारून आले. तेल घातलं तर बारीक कणी गाळात बसत नाही, तेलाबरोबर तरंगते, मग वरच्या पाण्याबरोबर निघून जाते. म्हणून तेल नको.

"मग कापडातून गाळून वरचं पाणी ओतू. कणी कापडात राहील. फडकी जाळताच की तुम्ही."

खाली जाऊन विचारायची ह्यांची दुसऱ्यांदा हिंमत झाली नाही. "आबा म्हणतील बायकोच्या अकलेने दुकान चालवतोस का," एवढंच बोलून हे कूस वळून झोपले.

मग मी रोज दुपारी, सगळे पाठ टेकायचे तेव्हा, जाऊन झाकणं लावायचे. चार वाजता हात धुवायला पहिला माणूस उठायचा आणि झाकण पुन्हा भिंतीला. कोणी वाईट नव्हतं. कोणी मला चिडवत नव्हतं. झाकण लावणारी बाई आणि काढणारा गडी, असं आमचं रोजचं काम होऊन बसलं.

दुर्गापूजेचे मांडव गल्लीच्या तोंडाशी उभे राहत होते तेव्हा मुलीला ताप आला. ती तेव्हा पाचवीत होती, माझ्यापेक्षा एक यत्ता पुढे. शाळेतून येऊन दप्तरासकट आडवी झाली. म्हणाली, "आई, डोकं खूब व्यथा करतंय. डोळ्यांच्या मागे." ती अशीच बोलते, अर्धं मराठी अर्धं बंगाली. अंगाला हात लावला तर तवा. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली, पाणी पाजत राहा म्हणाले. मी पेज, लिंबूपाणी, जे गिळेल ते पाजत राहिले. आबा रोज शहाळं आणायचे. दारातच उभे राहून म्हणायचे, "बाळे, आईला सांग, एवढं संपव म्हणावं." मुलगी डोळे न उघडता म्हणायची, "आई, एवढं संपव." आणि शहाळं तर तिलाच संपवायचं असायचं. तेवढ्यातही ती हसायची.

मग ताप उतरला. सकाळी अंग गार लागलं आणि आमच्या जिवात जीव आला. आबांनी खाली पेढे वाटले. मी देवापुढे दिवा लावला. कोणी आम्हाला नीट समजावून सांगितलं नव्हतं की या आजारात ताप उतरल्यावरच खरं डोळ्यांत तेल घालून बघायचं असतं. सांगितलं असेल तर घाईघाईत, इंग्रजीत, पाठीमागे रांग उभी असताना. दुपारी तिचं पोट दुखायला लागलं. उलट्या. हातपाय थंड आणि ओलसर. ती माझ्याकडे बघत होती, पण बघत नव्हती. मी तिला उचलून जिना उतरले. पायांत चप्पल नव्हती हे मला नंतर कळलं.

सरकारी रुग्णालयात एका खाटेवर दोन दोन मुलं होती आणि जमिनीवरही गाद्या. तिथल्या डॉक्टरणीने सांगितलं की हिला सारखं कोणीतरी बघायला हवं, आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत, तुम्हाला झेपत असेल तर खासगीत हलवा. खासगीत आधी पैसे भरा म्हणाले. ह्यांच्या खिशात त्यातलं काही नव्हतं.

आबा गेले आणि तिजोरीतून रोकड घेऊन आले. ती खिडकीवर भरली. मग माझ्यापाशी आले. निरोप द्यायला मुलगी मध्ये नव्हती, ती आत सलाईन लावून पडली होती. ते जरा वेळ घुटमळले. मग आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले. "पैशाची काळजी करू नकोस. पोरीकडे बघ."

मी पाया पडले त्यांच्या. हे लिहायलाच हवं. तेव्हा मला ते देवमाणूस वाटले, आणि अजूनही त्या दिवसापुरते वाटतात. तीन रात्री ते त्या लाकडी बाकावर बसून होते. मुलीने डोळे उघडून पहिलं पाणी मागितलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून रडले. म्हणूनच माझा राग असा गुंतलेला आहे. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, हा आजार एकाच जातीचा नसतो. एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही, आणि दुसऱ्या जातीचा झाला तर जास्त जड जाऊ शकतो. हिला डासांपासून जपा. घराच्या आसपास पाणी साठू देऊ नका.

मी घरी आले. मुलीला वर निजवलं आणि मागच्या दारात उभी राहिले. पिंपं काठोकाठ भरलेली. झाकणं भिंतीला. आम्ही नव्हतो तेवढ्या दिवसांत लावणारी बाई नव्हती, एवढाच फरक.

मुलगी जरा बसती झाली तेव्हा जेवणाच्या वेळी मी तिला म्हटलं, "आबांना विचार, पिंपं कधी ओतणार?"

"आबा, आई विचारतेय पिंपं कधी ओतणार."

"आईला सांग, दिवाळी झाली की. दरवर्षी तेव्हाच ओततो."

"आबांना सांग, डॉक्टर म्हणाले पुन्हा झाला तर जड जाईल."

मुलगी हे बोललीच नाही. ताटाकडे बघत राहिली. तिच्या स्वतःच्याच जिवाचा निरोप मी तिच्या तोंडी दिला होता. आबांनी अर्थात ऐकलं होतं. ते ह्यांच्याकडे वळले. "दवाखान्याचे पैसे लागले ते पगारातून थोडे थोडे वळते करू. व्याज नको मला, घरचंच आहे. फक्त फिटेपर्यंत दुसऱ्या कोणाच्या दुकानात जायचं मनात आणू नका. आणि फिटेपर्यंत हे असलं तोंड वर करून बोलणं नको."

त्यांच्या पाण्यामुळे, असं मी सिद्ध करू शकत नाही. लिफ्टचा खड्डा आहे, करवंट्या आहेत, शाळा आहे. पण त्यांनी पिंपं ठेवली, मुलगी आमची आजारी पडली, आणि कर्ज आमच्या डोक्यावर. हे गणित चौथी शिकलेल्या बाईलाही चुकलेलं दिसतं.

दिवाळी झाली. गाळ उपसला, वाळवला, भट्टीत घातला. शेवटी मुशीच्या तळाशी जे राहिलं ते आबांनी तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवलं. तुरीच्या डाळीएवढं असेल. कारागीर म्हणाले, यंदा चांगलं निघालं. आबा खुशीत मुलीला म्हणाले, "आईला सांग, यातलं तुला कानातलं करू."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आबांना सांग, तिचे कान बुजलेत." बुजले नव्हते. मी वर निघून गेले आणि उशीत तोंड खुपसून पडले. रडू येत नव्हतं. दात आवळून आवळून जबडा दुखायला लागला. दुसऱ्या दिवशी पिंपं धुऊन पुन्हा जागेवर आली आणि दुपारपासून त्यांत पाणी पडायला लागलं.

त्या दिवशी मी ठरवलं की हे पैसे मी फेडणार. नवऱ्याच्या पगारातून कापत बसले तर मुलीचं लग्न होईपर्यंत फिटणार नाहीत, आणि तोवर दोन-चार पावसाळे त्या पिंपांशेजारी. इथे बदलीवर आलेल्या मराठी लोकांची बरीच घरं आहेत. सॉल्ट लेकमध्ये सरकारी आणि बँकेचे अधिकारी, न्यू टाउनला संगणकाच्या कंपन्यांतली तरुण जोडपी. त्यांना पुरणपोळी हवी असते, थालीपिठाची भाजणी हवी असते, आणि करायला वेळ नसतो. एका बँकेतल्या बाईंकडे गणपतीत कोणीतरी मला नेलं होतं. त्यांना मी कसंबसं विचारलं. पुढचं त्यांनीच केलं, सगळ्या ओळखीच्यांना सांगितलं. मी पहाटे पुरण शिजवायचे, दुकानाचा स्वयंपाक उरकायचे, आणि डबे घेऊन बस बदलत बदलत सॉल्ट लेक गाठायचे. बसमध्ये तुपाचा वास सुटला की लोक माझ्या पिशवीकडे बघायचे आणि मी खिडकीबाहेर.

त्या बाईंकडच्या हळदीकुंकवाला मी पोळ्या घेऊन गेले होते. आत बायका डासांवरच बोलत होत्या. एकजण म्हणाली, "आता म्हणे जनुक बदललेले डास सोडणार. आपल्यावर प्रयोग करायचे नुसते." दुसरी म्हणाली की सोडू देत, निदान काहीतरी करतायत. मी तव्यापाशी होते. बँकेतल्या बाई स्वयंपाकघरात आल्या तेव्हा मी धीर करून विचारलं, खरंच असे डास असतात का.

"असतात," त्या म्हणाल्या. "इथे कोणी सोडल्याचं मला तरी माहीत नाही. पण परदेशात काही ठिकाणी सोडलेत. नर सोडतात, आणि नर चावत नाहीत. त्यांची पिल्लं जगू नयेत अशी योजना असते, म्हणजे हळूहळू डास कमी होतात."

"मग लोक का घाबरतात?"

"पुढे काय होईल कोणाला ठाऊक, म्हणून. आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं, म्हणून."

मी घरी येईपर्यंत बसमध्ये त्याचाच विचार करत होते. घाबरणारे लोक मला आता वेडे वाटत नाहीत. माझ्या गल्लीत कोणी काही सोडणार असेल तर मला आधी सांगावं, माझ्या भाषेत, रांगेत उभं न करता. तेवढा माझा हक्क आहे. पण मला कोणी कधी कशाबद्दल विचारलंय? धूर सोडताना विचारलं नाही. लिफ्टचा खड्डा उघडा ठेवताना विचारलं नाही. माझ्या मुलीच्या अंथरुणापासून जिनाभर अंतरावर वर्षभर पाणी साठवलं, ते तर माझ्या घरच्या माणसांनी, आणि मी विचारलं तर माझं तोंड वर झालं. परक्यांनी बनवलेल्या डासाची सगळ्यांना भीती वाटते. आपल्याच पिंपात जन्मलेल्या डासाबद्दल बोललं की घरातली शांतता बिघडते.

पुढचा पावसाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. मुलीला पूर्ण बाह्यांचे कपडे, उकाड्यातसुद्धा मोजे, दिवसाही मच्छरदाणी. ती चिडायची. "आई, मी काय मिठाई आहे का, झाकून ठेवतेस." तिला शिंक आली तरी मी तिच्या कपाळावर हात ठेवून बघायचे. एकदा थोडा ताप आला तर मी रात्रभर तिचे हात चोळत, ते थंड तर पडत नाहीत ना बघत बसले. साधी सर्दी निघाली. सकाळी खाली गेले आणि सगळ्यांसमोर तिन्ही पिंपांवर झाकणं आपटली. इतका आवाज माझ्याकडून कधी झाला नव्हता. भट्टीचा भाता थांबला. चार वाजता झाकणं पुन्हा भिंतीला होती.

दर महिन्याला मी पैसे ह्यांच्या हाती द्यायचे आणि हे आबांना. आबा घ्यायचे, पण एकदा ह्यांना म्हणाले, "पोळ्या विकून घरातली बाई रस्त्यावर आणलीस." हे मान खाली घालून आले. मी म्हटलं, "रस्त्यावर डास कमी आहेत." हे दचकून माझ्याकडे बघायला लागले आणि मग हसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या बोलण्यावर हे असे पहिल्यांदा हसले. त्या रविवारी मी न सांगता हे माझ्याबरोबर भाड्याची खोली बघायला आले.

खोली नव्या मेट्रोच्या बाजूला मिळाली, दुसऱ्या मजल्यावर. खाली शिंप्याचं दुकान. ह्यांना दुसऱ्या एका गलाईवाल्याकडे काम ठरलं. डास तिथेही आहेत, असं नाही की आम्ही कुठल्या स्वर्गात चाललो. पण तिथे पाणी भरलं की झाकायचं, आणि काय ओतायचं ते मी ठरवणार. फक्त शेवटचे पैसे राहिले होते. दुसरी दिवाळी जवळ आली होती. चकल्या, अनारसे, चिवडा, हात भाजले, बोटं सुजली, पण रक्कम जमली.

पैसे द्यायला हे जाणार होते. मी म्हटलं, मी देते.

आबा दुकानात तराजूपाशी बसले होते. मी पदर घेतला आणि समोर उभी राहिले. मुलगी शाळेत होती. त्यांनी सवयीने इकडेतिकडे पाहिलं, कोणाच्या तोंडून बोलावं म्हणून.

मी म्हटलं, "आबा, हे शेवटचे."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहू दे. एवढ्यासाठी घर सोडून जाता का? पोरीशिवाय करमायचं नाही इथे."

"घ्या."

"मी काय परका आहे?"

"नाही. म्हणून तर दोन पावसाळे लागले मला बोलायला." शब्द फुटत होते. "तुमच्या पैशाने ती वाचली, ते मी विसरणार नाही. पण त्या पाण्याशेजारी मी तिला अजून एक पावसाळा ठेवणार नाही. तुम्ही पिंपं हलवली असतीत तर आम्ही गेलो नसतो."

भट्टीवरचे सगळे ऐकत होते. आबांनी हात पुढे केला. नोटा घेतल्या, सोनं मोजतात तशा सावकाश मोजल्या. मध्ये एक नोट कडेला फाटलेली निघाली. ती त्यांनी बाजूला काढून माझ्यापुढे सरकवली. मी कनवटीची दुसरी काढून दिली. ती उजेडात धरून पाहिली, बाकीच्यांत घातली आणि म्हणाले, "फिटले."